चारशे किलोमीटरवरचा गंज

जानेवारी २०२५ मध्ये बीदर जिल्ह्यातल्या हुमनाबाद तालुक्यात, जलसंगी गावी, एका घरावर भलामोठा बलून येऊन पडला. त्याला यंत्रांची पेटी बांधलेली होती. चालुक्यकालीन मंदिरामुळे अभ्यासकांना ठाऊक असलेले हे गाव त्या दिवशी वेगळ्याच कारणाने बातम्यांत आले आणि बलूनची बातमी होता होता तिला उपग्रहाचे शेपूटही चिकटले. वस्तुस्थिती साधी होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, म्हणजे टीआयएफआरचे, हैदराबादला बलून केंद्र आहे. १९६९ पासून ते तिथे कायमचे आहे. अगदी पातळ पॉलिथिनचे, हायड्रोजन भरलेले बलून तिथून सुटतात, तीस ते चाळीस किलोमीटर उंचीवर यंत्रे नेतात आणि काम झाले की यंत्रे हवाई छत्रीने खाली येतात. ती कुठे उतरणार ते वारे ठरवते. कधी तेलंगणात, कधी बीदर-कलबुर्गीच्या तुरीच्या रानात, कधी त्याही पलीकडे लातूर-सोलापूरच्या बाजूला. या सीमाभागातल्या माणसाला अवकाशविज्ञान असे अधूनमधून थेट अंगणात भेटते.

हैदराबादची निवड केवळ सोयीपोटी झाली नव्हती. अवकाशातून येणारे वैश्विक किरण म्हणजे प्रत्यक्षात प्रचंड वेगाने धावणारे प्रोटॉन आणि जड अणुकेंद्रे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवते. ध्रुवांपाशी वाट देते आणि चुंबकीय विषुववृत्ताजवळ अडवून धरते. हैदराबादच्या डोक्यावर सुमारे १६-१७ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचा प्रोटॉन सरळ खाली उतरूच शकत नाही. नकोशा कणांची गर्दी कमी, म्हणून नाजूक मोजमापाला ही जागा उत्तम. यातून निघणारा निष्कर्ष मात्र सहसा कोणी काढत नाही. खालच्या कक्षेतला उपग्रह बीदर किंवा कलबुर्गीवरून जातो तेव्हा भारित कणांच्या बाबतीत तो त्याच्या साऱ्या फेरीतल्या सर्वांत सुरक्षित टप्प्यात असतो. अवकाश म्हणजे जीवघेणा किरणोत्सर्ग आणि त्यात उपग्रहाची धातू-प्लास्टिके सतत भाजून निघत आहेत, असे चित्र शाळेच्या पुस्तकापासून दूरचित्रवाणीपर्यंत सगळीकडे रंगवले जाते. ते खोटे नाही. पण चारशे-पाचशे किलोमीटर उंचीपुरते बोलायचे तर ते लक्ष भलतीकडे वळवते. तिथे उपग्रहाच्या बाहेरच्या सामानाचा सर्वांत मोठा शत्रू आपल्याच हवेतून वर गेलेला आहे, आणि त्याचे नाव ऑक्सिजन.

चॅलेंजर हे अमेरिकी अवकाशयान आपल्याकडे लक्षात राहिले ते जानेवारी १९८६ च्या स्फोटामुळे. त्याआधीच्या त्याच्या दोन फेऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या तर वरचा मुद्दा स्वच्छ दिसतो, आणि योगायोग असा की दोन्ही फेऱ्यांशी भारताचा संबंध आहे. ऑगस्ट १९८३ च्या फेरीत चॅलेंजरने आपला इन्सॅट-१बी सोडला. आपल्या वर्तमानपत्रांना तेवढ्यात रस होता. त्याच फेरीत पुढे यान मुद्दाम सुमारे २२५ किलोमीटरपर्यंत खाली आणले गेले आणि त्याचा उघडा माल-कप्पा प्रवासाच्या दिशेला तोंड करून ठेवला गेला. कप्प्यात वेगवेगळ्या प्लास्टिकांचे तुकडे मांडले होते. चाळीसेक तासांनंतर कॅप्टॉन या पॉलिमाइडच्या पातळ पत्र्याची जाडी सुमारे दहा मायक्रॉनने घटली होती. छायाचित्रांत उपग्रह ज्या सोनेरी वेष्टणात गुंडाळलेले दिसतात ते हेच कॅप्टॉन. मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचा मुलामा असल्याने ते सोन्यासारखे चमकते. अशा वेष्टणाचा एक थर अनेकदा २५ मायक्रॉनचाच असतो. म्हणजे दोन दिवसांत पाऊण नाही, पण अर्ध्याच्या जवळपास थर फस्त.

दुसरी फेरी एप्रिल-मे १९८५ ची. स्पेसलॅब-३ या प्रयोगशाळेसोबत टीआयएफआरचा 'अनुराधा' हा प्रयोग चॅलेंजरमधून वर गेला. प्रा. सुकुमार बिस्वास त्याचे प्रमुख होते. सीआर-३९ नावाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यांची चळत, एवढेच त्याचे हृदय. चष्म्याच्या काचा करतात तेच हे प्लास्टिक. वैश्विक किरणांतले अणुकेंद्र त्यातून आरपार गेले की त्याच्या वाटेवरचे रेणू दुखावतात, पण डोळ्यांना काही दिसत नाही. पत्रे खाली आणून कोमट कॉस्टिक सोड्यात बुडवून ठेवावे लागतात; दुखावलेली जागा आजूबाजूच्या भागापेक्षा लवकर विरघळते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिथे शंकूच्या आकाराची खळी उमटते. चळतीचा एक भाग दुसऱ्यावर सावकाश सरकत राहील अशी रचना होती, त्यामुळे कण केव्हा आला तेही खळ्यांच्या जागांवरून कळत असे. वैज्ञानिक दृष्ट्या प्रयोग देखणा होताच. इथे आपल्या कामाची गोष्ट अशी की साडेतीनशे किलोमीटर उंचीवर आठवडाभर वैश्विक किरण झेलूनही हे पत्रे जसेच्या तसे होते. त्यांच्यावरची जखम पाहायला रसायन लागले. दोन्ही प्रयोगांतली उंची, मुदत आणि मांडणी वेगळी होती, ही तुलना काट्यावर तोलता येणार नाही, हे मान्य. पण एकीकडे थराची जाडीच घटते आणि दुसरीकडे खूण शोधावी लागते, एवढी तफावत मांडणीतल्या फरकाने भरून निघत नाही.

हा ऑक्सिजन आपण श्वासात घेतो तो नव्हे. आपल्या हवेत ऑक्सिजनचे अणू जोडीने राहतात. शंभर किलोमीटरच्या वर सूर्याचे अतिनील किरण ही जोडी फोडतात आणि तिथे हवा इतकी विरळ असते की सुटे झालेले अणू पुन्हा एकत्र यायला एकमेकांना भेटतच नाहीत. साधारण दोनशे ते सहाशे किलोमीटरच्या पट्ट्यात हा सुटा ऑक्सिजनच हवेचा मुख्य घटक असतो. मे २०२४ च्या सौरवादळात लडाखमधल्या हान्ले इथून आकाशाची लाल झळाळी टिपली गेली, ती छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. तो लाल रंग त्या उंचीवरच्या सुट्या ऑक्सिजनचाच. हा अणू मुळात रासायनिक दृष्ट्या हावरा, त्यात उपग्रह सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने त्याच्यावर जाऊन आदळतो. आदळण्याची ऊर्जा साडेचार-पाच इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते, आणि प्लास्टिकमधल्या कार्बनच्या साखळीतले बंध तोडायला एवढी पुरते. कार्बनचा वायू होऊन उडून जातो. मागे राख उरत नाही, डाग उरत नाही, पदार्थच कमी होतो. चारशे किलोमीटरवर समोरच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला शंभर लाख कोटींच्या आसपास अणू आदळतात. सूर्य शांत असेल तर कमी, जोरात असेल तर आणखी. एक अणू कॅप्टॉनचा किती पदार्थ नेतो ते आता नीट मोजलेले आहे, आणि त्यावरून हिशेब मांडला तर सूर्य तापलेला असताना वर्षाला ऐंशी-नव्वद मायक्रॉन जाऊ शकतात.

धातूंवर याचा परिणाम काय होतो हे समजून घ्यायला बीदरच्या माणसाला दूर जायला नको. बिदरीचे भांडे मुख्यतः जस्ताचे असते, त्यात थोडे तांबे. वाळूच्या साच्यात ओतलेल्या भांड्यावर आधी मोरचुदाचे पाणी फिरवून तात्पुरता काळा रंग आणतात, त्यावर नक्षी रेखतात, छिन्नीने ती कोरतात आणि कोरलेल्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांचे मिश्रण गरम भांड्यावर चोळले की जस्ताचा पृष्ठभाग कायमचा काळाभोर होतो आणि चांदीला काहीच होत नाही. सारी कला या एका फरकावर उभी आहे: एकाच मिश्रणात एक धातू बदलतो, दुसरा बदलत नाही, आणि हा बदल भांड्याच्या अगदी वरच्या थरापुरता असतो. खालच्या कक्षेत नेमकी उलटी तऱ्हा होते. तिथे बळी जाते ती चांदी. सुटा ऑक्सिजन लागताच चांदीवर काळे ऑक्साइड चढते, ते फुगते, पापुद्रे होऊन सुटते, खालची ताजी चांदी उघडी पडते आणि तीही त्याच वाटेने जाते. जस्त-ॲल्युमिनियमसारख्या धातूंवर मात्र ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि तोच पुढच्या माऱ्यापासून त्यांना वाचवतो. विजेसाठी चांदी सर्वोत्तम, म्हणून सौरघट एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्या चांदीच्या करण्याकडे अभियंत्यांचा ओढा असतो. खालच्या कक्षेत अशा उघड्या पट्ट्या झाकाव्या तरी लागतात किंवा धातू बदलावा लागतो. इतक्या बारीक तपशिलावर उपग्रहाची वीज अवलंबून असते.

चॅलेंजरनेच एप्रिल १९८४ मध्ये आणखी एक गोष्ट कक्षेत सोडली होती. एलडीईएफ नावाचा, बसच्या आकाराचा, बारा बाजूंचा सांगाडा. इंजिन नाही, काही नाही; सत्तावन्न प्रयोग आणि दहा हजारांहून अधिक नमुने बाहेरच्या अंगाला लावलेले. वर्षभराने तो परत आणायचा होता. मध्येच चॅलेंजर गेले, उड्डाणे थांबली आणि एलडीईएफ पावणेसहा वर्षे वरच राहिला. जानेवारी १९९० मध्ये कोलंबिया यानाने त्याला उतरवले नसते तर तो लवकरच वातावरणात शिरून जळाला असता. दुर्घटनेने लांबवलेला हा प्रयोग या विषयातला सर्वांत मोठा साक्षीदार ठरला. सांगाड्याची एकच बाजू कायम पुढे असे, त्यामुळे पुढची आणि मागची बाजू यांची तुलना सरळ करता आली. पुढच्या बाजूची पातळ प्लास्टिके पार नाहीशी झालेली. मागच्या बाजूची तीच प्लास्टिके बऱ्यापैकी शाबूत. किरणोत्सर्ग मुख्य गुन्हेगार असता तर एवढा एकतर्फी निकाल लागला नसता, कारण भेदक कण एका बाजूची पर्वा करत नाहीत. टेफ्लॉनच्या मागे चांदी लावलेल्या ज्या चकाकत्या पट्ट्या उपग्रह थंड ठेवायला वापरतात, त्यांतल्या काही चिकटवताना तडकल्या होत्या. त्या तड्यांतून ऑक्सिजन आत शिरून चांदी तपकिरी पडली. संरक्षक मुलाम्यातले सुईच्या टोकाहून बारीक भोकही पुरे होते. वरून भोक तेवढेच राहिले आणि खाली प्लास्टिकमध्ये त्याच्या कितीतरी पट रुंद पोकळी तयार झाली. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या सौरपंखांच्या कॅप्टॉनवर दोन्ही बाजूंनी सिलिकॉन ऑक्साइडचा मुलामा आहे, तो सुमारे ०.१३ मायक्रॉन जाडीचा. एवढ्याशा थरावर प्रचंड सौरपंखांची मदार आहे.

आता आक्षेप. किरणोत्सर्गाला असे दुय्यम ठरवणे धोक्याचे नाही का? त्याचे पुरावेही भक्कम आहेत आणि ते टाळून चालणार नाही. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने चारशे किलोमीटर उंचीवर अणुस्फोट केला. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून राहिले आणि ब्रिटनच्या एरियल-१ सह अनेक उपग्रहांचे सौरघट दुबळे पडले. नैसर्गिक अवस्थेतही दक्षिण अटलांटिकवर, ब्राझीलच्या बाजूला, चुंबकीय क्षेत्र कमजोर आहे आणि तिथे अडकलेल्या प्रोटॉनांचा आतला पट्टा दोनशे किलोमीटरपर्यंत खाली येतो. आपला ॲस्ट्रोसॅट सप्टेंबर २०१५ मध्ये साडेसहाशे किलोमीटरवर गेला, तेव्हा त्याची कक्षा विषुववृत्ताला अवघ्या सहा अंशांनी कललेली ठेवली, ती या प्रदेशाच्या मध्यातून जावे लागू नये म्हणून. तरी त्याचा काठ लागतोच. म्हणून टीआयएफआरने बनवलेले भारित कण मोजणारे एक छोटे यंत्र त्यावर बसवले आहे. कणांची संख्या वाढली की ते इतर यंत्रांना इशारा देते आणि नाजूक उपकरणांचा उच्च विद्युतदाब उतरवला जातो.  सौरघटांवर काचेचा पातळ पापुद्रा लावतात तो कण रोखायला. ती काच स्वतः किरणोत्सर्गाने तपकिरी पडू नये म्हणून तिच्यात सिरियम घालतात. आणि सर्वांत बोलका दाखला हबल दुर्बिणीचा. कक्षेत सातेक वर्षे काढल्यावर, १९९७ मध्ये दुरुस्तीला गेलेल्या अंतराळवीरांना तिच्या वेष्टणाचे बाहेरचे टेफ्लॉन तडकलेले दिसले. उन्हात-सावलीत चाळीस हजारांच्या आसपास वेळा तापून-निवून आणि भारित कणांनी साखळ्या तुटून ते ठिसूळ झाले होते.

हे सारे खरे आहे, आणि त्याने मूळ म्हणणे मोडत नाही. ते अधिक काटेकोर होते. हबल सहाशे किलोमीटरवर होती, जिथे सुटा ऑक्सिजन बराच विरळ झालेला असतो. टेफ्लॉनला ऑक्सिजन कॅप्टॉनइतक्या झपाट्याने खात नाही. म्हणजे उंची बदलली, पदार्थ बदलला, की शत्रू बदलतो. कॅप्टॉनचेच पाहा: हे प्लास्टिक पृथ्वीवर कणत्वरकांमध्ये, प्रचंड किरणोत्सर्गाच्या जागी वर्षानुवर्षे टिकते, म्हणूनच तर ते अवकाशासाठी निवडले गेले. किरणोत्सर्गाच्या परीक्षेत पहिला येणारा हा विद्यार्थी ऑक्सिजनच्या परीक्षेत सपशेल नापास होतो. आपल्या उपग्रहांत हा फरक प्रत्यक्ष दिसतो. ढगांतून पाहणारा रडार उपग्रह ईओएस-०४ फेब्रुवारी २०२२ पासून ५२९ किलोमीटरवर फिरतो, पिकांचे रंग टिपणारा रिसोर्ससॅट-२ए ८१७ किलोमीटरवर. पहिल्याला ऑक्सिजनची जास्त झळ, दुसऱ्याला प्रोटॉनांची. आणखी वर गेले तर चित्र पुरते पालटते. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात तेव्हाच्या गुलबर्गा, रायचूर, विजापूर जिल्ह्यांतल्या खेड्यांत उपग्रहावरून शैक्षणिक दूरचित्रवाणी आली. साइट नावाच्या या प्रयोगाची धुरा सांभाळणारे एकनाथ चिटणीस मूळचे कोल्हापूरचे, आणि त्यांचा स्वतःचा अभ्यास वैश्विक किरणांचा. त्या कार्यक्रमांचा एटीएस-६ उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर होता. तिथे हवेचा ऑक्सिजन नसतो, तिथे इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने उपग्रहाच्या पृष्ठभागावर हजारो व्होल्टचा विद्युतभार साठतो, आणि एटीएस-६ नेच तो मोजून दाखवला. लोकांच्या मनातले किरणोत्सर्गाचे चित्र तिथले आहे. ते चारशे किलोमीटरवर आणून लावले की गफलत होते.

मग जाड कवच का घालू नये, असा एक सोपा प्रश्न येतो. शिशासारख्या जड धातूचे कवच वजनात महाग पडते आणि वेगवान कण त्यावर आदळून दुय्यम कणांचा आणि क्ष-किरणांचा नवा फवारा सुटतो. म्हणून आंतरराष्ट्रीय स्थानकावर अंतराळवीरांच्या झोपण्याच्या जागेभोवती रेणूंत भरपूर हायड्रोजन असलेले हलके पॉलिथिन लावले आहे. मुख्य अडचण वेगळीच आहे. कवच आतल्या चिपला वाचवते, बाहेरच्या कातडीला नाही. आणि उपग्रह तापू-गोठू न देणारे वेष्टण, सौरघटांच्या जोडण्या, आरसे, रंग, केबलींची आवरणे हे सारे बाहेरच असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आजकाल उपग्रह स्वस्त झाले आहेत, चार-पाच वर्षांत ते मोडीत काढून नवे सोडतात. मग मायक्रॉनचे हिशेब हवेत कशाला? पैशाच्या भाषेत हा युक्तिवाद काही कंपन्यांना परवडतो, हे कबूल केले पाहिजे. पण स्वस्ताईच्या ओढीने उपग्रह आणखी खाली आणले जात आहेत, आणि खाली येणे म्हणजे दाट ऑक्सिजनमध्ये येणे. सूर्य चिडला की वरची हवा फुगते: फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे २१० किलोमीटरवर सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक एका चुंबकीय वादळाने वाढलेल्या हवेच्या अडथळ्यामुळे गमवावे लागले. ते गेले ते हवेच्या ओढीमुळे, पोखरून नव्हे; पण चारशे-पाचशेवर जे टिकते त्यालाही तशा वादळात नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन झेलावा लागतो. शिवाय पोखरलेल्या वस्तू एकट्याने मरत नाहीत. रंगातला चिकट घटक ऑक्सिजन खाऊन टाकतो आणि रंगाचे कण सुटे होऊन कक्षेत फिरत राहतात. जून १९८३ मध्ये याच चॅलेंजरच्या खिडकीला रंगाच्या एका कणाने खड्डा पाडला होता. कण अवघा ०.२ मिलिमीटरचा. ज्याने स्वस्तात काम उरकले त्याच्या रंगाचा कपचा दुसऱ्याच्या काचेवर आदळणार, आणि हा खर्च त्या कंपनीच्या ताळेबंदात कधीच दिसणार नाही. तुरीच्या पिकाचा अंदाज, पीकविम्याची पाहणी, पावसाचा इशारा यांसाठी ज्यांच्या जिल्ह्यांची चित्रे वरून घेतली जातात त्यांना हा प्रश्न परका नाही.

प्रयोगशाळेत हे सारे आधीच तपासता येत नाही का? काही प्रमाणात येते, आणि आपल्याकडे ते झालेलेही आहे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. व्ही. एन. भोरसकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लाझ्मातून सुटा ऑक्सिजन तयार करून पॉलिमाइड, टेफ्लॉन यांवर त्याचा परिणाम अभ्यासला. प्रारणाच्या, म्हणजे किरणोत्सर्गाच्या, मदतीने पॉलिमाइडच्या वरच्या थरात बोरॉन आणि फ्लोरिन मुरवले तर झीज कमी होते, असे त्यांना आढळले. ज्या प्रारणाला आपण शत्रू मानतो त्याच्याच हाताने कातडी घट्ट करायची, ही कल्पना मला फार चतुर वाटते. तरी प्रयोगशाळेला मर्यादा आहेत. वर ऑक्सिजन, अतिनील किरण, प्रोटॉन, दिवसातून पंधरा-सोळा वेळा तापणे-गोठणे हे सगळे एकाच वेळी चालते, आणि टेफ्लॉनसारख्या पदार्थाची झीज अतिनील किरणांच्या सोबतीने वेगळ्याच दराने होते. एकेक कारण सुटे करून घेतलेल्या मापांची बेरीज कक्षेतल्या झिजेशी जुळेलच असे नाही. म्हणून निर्णायक पुरावा एकच: वर ठेवलेला आणि परत आणून तराजूत घातलेला नमुना.

इथे भारताची बाजू लंगडी आहे. जानेवारी २००७ मध्ये एसआरई-१ ही कुपी बारा दिवस कक्षेत राहून बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली, पण तिच्यातले प्रयोग भारहीनतेतले होते. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा कक्षेत ठेवून त्यावर प्रयोग करण्याची पोएम ही योजना कौतुकास्पद आहे. विद्यार्थ्यांना आणि नव्या कंपन्यांना तिने दार उघडले. पण पोएम शेवटी जळून जाते. जानेवारी २०२४ ची पोएम-३ मार्चमध्ये वातावरणात शिरून संपली. तिथून आकडे येतात, तुकडा हातात येत नाही. आणि हातात आलेल्या तुकड्याची किंमत किती असते याचे उदाहरण ओहायो राज्यातल्या एका मुलींच्या शाळेने घालून दिले आहे. हॅथवे ब्राउन या शाळेच्या विद्यार्थिनींनी नासाच्या ग्लेन केंद्रातल्या संशोधकांबरोबर ४१ प्लास्टिकांचे रुपयाएवढे नमुने तयार केले, पातळ थरांच्या चळती करून. ते २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या बाहेर लावले गेले. कोलंबिया यानाच्या अपघाताने याही वेळी परतीचा मुहूर्त लांबला आणि नमुने जवळपास चार वर्षे उघड्यावर राहिले. त्यांच्या वजनातल्या घटीवरून काढलेले झिजेचे आकडे आज जगभरचे उपग्रह-अभियंते वापरतात.

भारतीय अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभे करण्याची योजना आहे, त्याचा पहिला भाग २०२८ मध्ये न्यायचा आहे, आणि ते सुमारे ४०० ते ४५० किलोमीटरवर, म्हणजे सुट्या ऑक्सिजनच्या ऐन पट्ट्यात असेल. त्याच्या पहिल्याच भागाच्या बाहेर नमुन्यांचे एक ताट बसवावे, आणि ते परत आणण्याची सोय आराखड्यातच धरावी. हे मोठ्या खर्चाचे काम नाही. नमुना तळहाताएवढा, वजन काही ग्रॅम. त्यातले काही खण पुण्यामुंबईच्या संस्थांपलीकडे द्यावेत. कलबुर्गीच्या विद्यापीठात मटेरिअल्स सायन्सचा स्वतंत्र विभाग आहे, आळंद तालुक्यात कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ आहे, बीदर, भालकी, हुमनाबादला विज्ञान महाविद्यालये आहेत, आणि धातूच्या वरच्या थराशी पिढ्यान्‌पिढ्या खेळणारे कारागीर बीदरच्या गल्ल्यांत बसलेले आहेत. जस्त-तांब्यात बसवलेल्या चांदीचा एक तुकडा त्या ताटात जरूर असावा. इस्रोकडे ही मागणी करायला या भागातल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी २०३५ ची वाट पाहू नये. पहिल्या भागाचे आराखडे आत्ता ठरत आहेत. अर्ज आत्ताच गेला पाहिजे.